मोतीबागेतला माझा झेल

हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही. आणि सांगायला बसलो तर पहिले काम काय केले? दौत लवंडली. तीही नेमकी शेजारी वाळत घातलेल्या उडदाच्या पापडांवर. बायको धावत आली. तिने निळे पापड पाहिले, मग मला पाहिले. "एवढं काय लिहायचं अडलंय?" मी म्हटले, झेलाविषयी लिहितोय. "परत?" म्हणाली आणि पापडांचे सूप उचलून आत गेली.

तिचे 'परत' खरे आहे. आमच्या घरात तो झेल कुणाला पाठ नाही? रावपुऱ्यातल्या आमच्या घरी चार पाहुणे जमले, की जेवणानंतर कुणीतरी म्हणतेच, "भाऊ, झेल सांगा." आणि भाऊ सांगतात — आग्रहाची वाट कोण पाहतो? पहिल्या वर्षी तो झेल मी घोट्यापाशी घेतला होता. थोरल्याच्या मुंजीपर्यंत तो छातीशी आला. हल्ली मी उडी मारून एका हाताने घेतो. असेच चालले तर दोनेक वर्षांत तो राजवाड्याच्या मनोऱ्यावरून घ्यावा लागेल.

आता खरा झेल सांगतो. वीस वर्षे होऊन गेली. मी कचेरीत नुकता चिकटलो होतो. क्रिकेटमधली माझी लायकी एवढीच, की माझ्याकडे पांढरी पाटलोण होती. मोतीबागेत त्या दिवशी निवडीचा सामना होता — एका बाजूला बडोद्याचा संघ, दुसऱ्या बाजूला त्यात शिरू पाहणारे. जागा एकच रिकामी. ती ज्याला मिळेल त्याला खेळण्यासाठी संस्थानची कायमची नोकरी! संघातल्या एकाचा पाय मुरगळला, कप्तानाने प्रेक्षकांत नजर फिरवली आणि माझी पाटलोण त्याला दिसली. मला पार लांब, कडुनिंबापाशी उभे केले. तिकडे चेंडू येत नाही, असे त्याला वाटले असावे. मलाही तसेच वाटत होते — देवाशपथ.

आणि खेळत होता गणपत शितोळे. शहरातल्या वाडी भागातला. बाप तालमीत मातीत राबणारा, घरात खाणारी सात तोंडे. काय खेळत होता हो तो! बॅट फिरवली की चेंडू दिसायचाच नाही, नुसता चुन्याच्या रेघेपलीकडे कुणीतरी "एऽ जाय, जाय!" ओरडायचा. तंबूतले बडे पाहुणे खुर्च्या सोडून उभे राहिले होते. मी संघाकडून उभा, आणि टाळ्या वाजवत होतो गणूला! कप्तानाने डोळे वटारले तेव्हा थांबलो. पन्नाशीला त्याला दोनच धावा हव्या होत्या. ती जागा त्याचीच, हे मैदानावरच्या कावळ्यालाही कळले असते.

मग त्याने एक चेंडू उचलला — आणि तो माझ्याकडे यायला लागला. माझ्याकडे! मी पळालो. कसा पळालो, ठाऊक नाही. टोपी एकीकडे, मी एकीकडे. पुढे झेपावलो, आडवा पडलो, गवत तोंडात, आणि हात वर केला तर हातात चेंडू! सारे मैदान उसळले. अंपायरला काही दिसले नव्हते, मी कडुनिंबाच्या सावलीत पालथा पडलेला. तेव्हा आपल्याकडे रीत होती — अशा वेळी झेल घेणाऱ्यालाच विचारायचे, आणि त्याचा शब्द अखेरचा. अंपायर एवढे मैदान तुडवत माझ्यापर्यंत आले. कचेरीत ज्याला शिपाईसुद्धा 'अरे' म्हणायचा, त्या मला त्यांनी विचारले, "घेतलात ना, साहेब?"

साहेब! तंबू बघतोय. कप्तान बघतोय. आणि मी —

चेंडू आधी गवताला टेकला होता. हाताच्या वीतभर अलीकडे. मी पाहिला होता. अगदी स्वच्छ.

मी म्हटले, "होय."

दोन अक्षरे. त्यांना किती वेळ लागतो? गणू लांबून माझ्याकडे बघत होता. त्याने हुज्जत घातली नाही. बॅट काखेत मारली आणि निघाला. तंबूकडे जाताना वाट वाकडी करून माझ्यापाशी आला नि म्हणाला, "सरस पकडलात, भाऊसाहेब." घाम पुसत हसला. मीही हसलो. हे हसणे मी झेलाच्या गोष्टीत कधी सांगत नाही.

जागा पन्नाशी गाठलेल्या दुसऱ्याला मिळाली. गणू खेळायचा थांबला. आज तो त्याच मोतीबागेत आहे — खेळपट्टीवर पाणी मारतो, चुन्याच्या रेघा ओढतो. मी सामना बघायला गेलो की तो हातातली बादली खाली ठेवतो, आणि जो कोणी नवा खेळाडू जवळ असेल त्याला ओढून आणतो. "अरे, हे भाऊसाहेब! यांनी तिथे, त्या लिमड्याखाली माझा झेल घेतला होता. असा झेल पुन्हा झाला नाही." झाडाकडे बोट दाखवतो. माझ्यापेक्षा छान सांगतो. त्याच्या गोष्टीत झेल अजून घोट्यापाशीच आहे, आणि मी होकाराची मान हलवतो. दर वर्षी. मागच्या आठवड्यातही हलवली.

एवढे लिहून झाल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला सारे वाचून दाखवले. ती पापडांवरची शाई चाकूने खरवडत होती. शेवटपर्यंत ऐकले, हात थांबवला नाही. मग म्हणाली, "मला काय वाचून दाखवता? बाद मी झाले नव्हते."