खळ्यावर उतरलेलं विमान

भोर-वेल्ह्याच्या डोंगरातल्या माझ्या माणसांनो, हिर्डोशीपासून वेल्ह्यापर्यंत जिथं जिथं डांबर संपतं त्याच्या पुढं घर असलेल्या सगळ्यांनो, आपलं एक दुःख सारखं आहे. बहात्तरच्या दुष्काळात आपण दुसऱ्यांच्या रस्त्यांसाठी खडी फोडली आणि स्वतःच्या गावी अजून पायी जातो. एसटीवाले म्हणतात, रस्ता द्या, गाडी देतो. साहेब म्हणतात, डोंगर फार कठीण आहे. तो किती कठीण आहे ते मी या वैशाखात पाहून आलो. एका विमानासाठी तो तीन आठवड्यांत मऊ झाला.

त्याचं असं झालं. पुण्यातल्या एका कारखानदाराचं पत्र आलं. त्यांना आपण शेठ म्हणू. भोरच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. त्यांनी परदेशातून दोन इंजिनांचं जुनं टर्बोप्रॉप विमान घेतलं होतं. म्हणजे पुढं पंखा दिसतो, पण तो फिरवणारं इंजिन जेटच्या जातीचं. पानशेतचा बंगला जवळ पडावा म्हणून वेल्ह्याच्या वर करंजमाळ वाडीच्या माळावर त्यांनी धावपट्टी केली होती, आणि उद्घाटनाला मी बोलावं अशी इच्छा होती. श्रीमंतांविरुद्ध वीस वर्षं गळा फोडणाऱ्याला श्रीमंताचं आमंत्रण. मी घरात जाहीर केलं की वाघाच्या गुहेत जाऊन बोलण्याची अशी संधी सोडायची नसते. बायको म्हणाली, जेवण चांगलं असेल म्हणून जाताय. दोन्ही खरं होतं.

शुक्रवारी सकाळी भोरहून निघालो. नसरापूरला उतरून कांदाभजी आणि चहा घेतला, एक रुपयाच्या आत पोट भरलं. वेल्ह्याची गाडी तासाभरानं आली. आत खताची पोती, एक नवं शिवणयंत्र आणि त्या यंत्राला मांडीवर घेऊन बसलेला नवरदेव. त्याच्या हुंड्याची चौकशी करण्यात गाडीचा वेळ बरा गेला. ज्यांना असा प्रवास करायचा असेल त्यांनी डाव्या खिडकीशी बसावं. मोकळा वारा मिळतो आणि धूळ थोडी कमी.

वेल्ह्यापासून करंजमाळ पाच मैल. पूर्वी गेलो होतो तेव्हा पायवाट होती. आता पाहतो तर मुरमाचा रुंद, दाबलेला, गटारं काढलेला रस्ता, आणि तोंडाशी लोखंडी साखळी. राखणीला वाडीतलाच तुकाराम बसलेला. मी साखळी ओलांडू लागलो तसा तो अवघडून उठला.

“मास्तर, तुमी कडंकडंनं चाला. रस्ता गाडीसाठी हाय.”

“कुणाच्या?”

“शेटच्या जीपसाठी. माणसं चालली की मुरूम उकरतो म्हनं. म्या सुदा कडंनंच जातो घरी.”

पाच मैल मी नव्या रस्त्याच्या कडेनं काट्याकुट्यांतून चाललो. पुढं-मागं वाडीची माणसं डोक्यावर ओझी घेऊन तशीच चाललेली. जगाच्या इतिहासाची पुस्तकं मी पुष्कळ वाचली आहेत. रस्त्याला माणसांपासून वाचवण्याची व्यवस्था त्यांत कुठं आढळली नव्हती.

मुक्काम सोनाबाईंकडे पडला. पन्नाशीची बाई, वाडीतल्या बायकांची पुढारी. चार वर्षांमागं भातखाचरात त्यांच्या नवऱ्याला फुरसं चावलं. घोंगडीच्या झोळीत घालून पोरांनी वेल्ह्याला पळवला. पाच मैल. झोळी दवाखान्यासमोर टेकवली तेव्हा उशीर झाला होता. त्यांनी हे नाचणीची भाकरी थापता थापता सांगितलं आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाल्या की आता बरं होईल, शेठच्या मॅनेजरनं शब्द दिलाय, पट्टी चांगली करून द्या, रस्त्यानं एसटी वर येईल. त्या शब्दावर वाडीनं मजुरी घेतली नव्हती.

शनिवारी सकाळी पट्टी पाहिली आणि मी बूट काढले. शेठचे मिस्त्री, परेरा, यांनी गावाला एकच गोष्ट बजावली होती: पट्टीवर एक खडा, एक काडी नको, इंजिन ते आत ओढून घेतं आणि आतली पाती खराब होतात. खडा-काडी नसलेली जागा कशी करायची हे करंजमाळला कुणी शिकवायला नको. त्यांनी अर्ध्या मैलाहून जास्त लांबीचं खळं केलं. माळ खणून पाणी मारलं, आठ बैलजोड्या फिरवून तुडवला आणि बायकांनी ओळीनं बसून शेणानं सारवला. कडेला रांगोळीसुद्धा. परेरा गुडघ्यावर बसून बोट फिरवत होते. पुण्याची पट्टी इतकी साफ नसते, असं त्यांनी मला हळूच सांगितलं.

अकराला विमान उतरलं. गावाची पहिली प्रतिक्रिया वासाची होती. टाकीतून दोन थेंब सांडले, एका म्हाताऱ्यानं बोट लावून हुंगलं आणि म्हणाला, “ह्ये तर रॉकेल हाय.” परेरांनी कबूल केलं की जवळपास तेच. मग रेशनच्या दुकानात महिनाभर रॉकेल का नव्हतं याचा उलगडा झाल्यासारखी सगळी माणसं विमानाकडे बघत राहिली. परेरा शपथेवर सांगत होते की ते वेगळ्या टाकीतलं. कुणी ऐकलं नाही.

जेवताना शेठनी मला आपलं दुःख ऐकवलं. विमान वर्षातले नऊ महिने शेडमध्ये. उडालं तर तासांच्या हिशेबानं इंजिन उघडायचं, नाही उडालं तरी तारखेच्या हिशेबानं पंखा उतरवायचा. एक रबरी कडं परदेशातून मागवायचं तर परवाना, परवान्यासाठी दिल्ली, आणि दिल्लीला जायला विमान बंद. शेवटी रेल्वेनं जावं लागतं, असं ते डोळ्यांत पाणी आणून म्हणाले. जुनं विमान पाळणं म्हणजे म्हातारा हत्ती पाळणं. मीही गहिवरलो. श्रीखंड उत्तम होतं.

मग भाषण. मी स्तुतीचं एक वाक्य बोललो आणि साखळीचं विचारलं. एसटी कधी वर येणार ते शेठनी इथंच सांगावं. शेठ हसले. रस्ता खासगी आहे, म्हणाले. एसटीच्या वजनानं खचला तर इंजिनाचं सामान वर कसं न्यायचं? मॅनेजरनं शब्द दिला असेल, तो मॅनेजरचा. मी अर्धा तास गर्जलो. टाळ्या भरपूर पडल्या. साखळी जागेवरच राहिली. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक भाषणांचं असंच होतं.

सोनाबाई टाळ्या न वाजवता उठून गेल्या.

चारच्या सुमाराला वळवाची सर आली. पंधरा मिनिटांत थांबली. शेठना संध्याकाळी पुण्यात पाहुणे होते. परेरा थांबा म्हणत होते. पाऊस पडलेल्या सारवणावर बैलसुद्धा घसरतो हे वाडीतलं शेंबडं पोर जाणतं, पण वाडीला कुणी विचारलं नाही. खळं पावसाळा सरल्यावर करतात, वैशाखात नाही. यंदा शब्दासाठी केलं होतं. विमान धावू लागलं, तिरकं झालं, पट्टीबाहेर नाचणीच्या रोपांसाठी पाला जाळून केलेल्या राबाच्या ओल्या राखेत चाक रुतलं आणि उजवा पंखा बांधाला लागून वाकला. माणसं सुखरूप. परेरांनी डोक्याला हात लावला. पंखा आदळला की आतलं सगळं इंजिन उघडावं लागतं.

विमान ओढायला बैल हवे होते. मॅनेजर हाका मारत वाडीभर फिरला. आठ जोड्या दावणीला, आणि एकही सुटेना. सोनाबाई बांधावर येऊन बसल्या. शेठ स्वतः चिखल तुडवत त्यांच्याकडे आले आणि म्हणाले, मावशी, पैसे सांगा.

“पैसं न्हाई. साखळी काडा, आन् मास्तरांच्या म्होरं लिवून द्या.”

“विमान उघड्यावर आहे, मावशी. रात्री पाऊस आला तर?”

“व्हय. आमचा मानूसबी उघड्यावर व्हता, पाच मैल.”

शेठनी आभाळाकडे पाहिलं. मग त्यांनी माझं पेन मागितलं. माझ्या भाषणाच्या कागदामागं मी मजकूर लिहिला: रस्ता ग्रामपंचायतीचा, सर्वांना खुला. शेठनी सही केली, परेरांनी साक्ष घातली. बैल जुंपले गेले. दिवेलागणीला विमान वर आलं आणि तुकाराम साखळी खांद्यावर टाकून रस्त्याच्या मधोमध चालत घरी आला.

विमान अजून तिथंच आहे. इंजिन उतरवून खाली नेलंय, सामानाच्या परवान्याची वाट बघणं चाललंय. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, काय मिळवलंत? माझी गर्जना काही कामाला आली नाही, हे मला कबूल करावं लागलं. कागदाची कोरी बाजू आली.

तो कागद घेऊन सोनाबाई आणि मी डेपोत गेलो. साहेबांनी रस्ता पाहिला आणि एक महिना चाचणी म्हणून गाडी दिली. रिकामी गेली तर बंद. पाच मैलांवरच्या तीस घरांनी ती रोज भरणार नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.

तेव्हा टाळ्या ठेवून द्या. येत्या सोमवारी सकाळी साडेनऊला वेल्ह्याहून करंजमाळची एसटी सुटते. तिकीट काढा आणि तिच्यात बसा.