न टेकलेला हात

नगरपालिकेच्या अंगणवाडीतल्या ताईंनी आमच्या घरी येऊन माझ्या दोन वर्षांच्या नातीला झोळीत बसवून काट्याला टांगलं आणि एक हात तिच्या खाली धरला. माझी हयात कांद्याच्या व्यापारात गेली. काट्याजवळ गेलेला हात माझ्या नजरेतून सुटत नाही.

“ताई, हात काढा. वजन चुकतंय.”

“टेकवलेला नाही, आजोबा. पोर घसरली तर असावा म्हणून धरलाय.”

मी वाकून पाहिलं. खरंच बोटभर अंतर होतं.

काटा नऊ किलोच्या अलीकडेच थांबला. ताईंनी वाढीच्या तक्त्याच्या पिवळ्या पट्ट्यात ठिपका दिला. “थोडं कमी आहे. आत्ताच लक्ष दिलं तर भरून निघेल.”

“माझ्या घरात खायला कमी आहे काय?” मी भडकलो.

माझी धाकटी बहीण अशीच रोडावत गेली होती. तेव्हा आमच्या दारात कोणी काटा घेऊन आलं नाही. ती गेल्यावर मात्र सगळी गल्ली आली. तो राग मी या बाईंवर काढत होतो.

“पुढच्या महिन्यात येते,” ताई म्हणाल्या.

“महिना फार होतो. आठ दिवसांनी या.”

“पंधरा.”

“दहा,” मी म्हटलं, आणि समोरच्यानं आता घासाघीस करू नये, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.