अक्षता पडताना

हळदीचा वास आला की तेलगावच्या स्टुडिओतली ती दुपार आठवते, मी एका लग्नाचा व्हिडिओ लॅपटॉपवर जुळवत होतो आणि नवरीची आई शेजारी बसली होती. आमच्याकडं अक्षता पडताना मुलीच्या आईनं बघायचं नसतं, तिनं तुळशीला पाणी घालायचं. म्हणून तेवढंच बघायला ती एसटीनं आली होती. मी दोन बोटं सरकवून चित्र मागं आणतो हे तिनं हेरलं, आणि लेक पुन्हा बघायला आपलीच हळदीनं पिवळी झालेली बोटं टचपॅडवर दाबून फिरवली. पडदा काळा झाला, लग्नाच्या चित्रांच्या सगळ्या पट्ट्या गायब. "मावशी, काय केलं हे!" मी ओरडलोच, कारण कॅमेऱ्याचं कार्ड सकाळीच पुसलं होतं. तिचा चेहरा उतरला. "बघू न्हाई म्हनत्यात ते खरंच हाय बाबा," ती पुटपुटली. मी बोटं उलटी सरकवली, तर लग्न जागेवरच होतं, नुसतं बाजूला गेलं होतं! आम्ही दोघंही लई हसलो. मग दोन्ही हात मांडीखाली दाबून तिनं अक्षता तीनदा बघितल्या. आता मी कार्ड लवकर पुसत नाही, आणि टचपॅडच्या कडेची ती पिवळी रेघ तर अजूनही पुसलेली नाही.