राखेच्या रेघांचं घर

इसम नामे उकंडराव वल्द सखाराम, वय अंदाजे त्रेचाळीस, धंदा खेती, जमीन सोळा एकर, पैकी चार बरड. राहणार शिरपूरच्या वाटेवरचे एक गाव, तालुका वाशीम, जिल्हा अकोला. अंगकाठी मध्यम. ओळखीची खूण, डाव्या भुवईवर बैलाच्या शिंगाचा वण. सदर इसम चौकस असून पंचक्रोशीतील प्रत्येक आसामी त्यास नावानिशी ठाऊक आहे. घरासंबंधीचे सर्व निर्णय स्वतः घेतो. वर्तणूक चांगली.

गाव मात्र त्याला काहूनराव म्हणे. तोंडावर म्हणे आणि त्यालाही त्यात वावगं वाटत नसे. बैलाला उजवीकडून जुंपतात ते काहून, न्हाव्याची पेटी लाकडीच काहून, असं तो ज्याला त्याला विचारी आणि उत्तर मिळेपर्यंत समोरच्याच्या वाटेत उभा राही.

हा माणूस १९३४ साली मोठ्या भावापासून वेगळा झाला. भांडण नव्हतं, जागा नव्हती. गावाच्या कडेला, ऐन रस्त्यावर, कडुलिंबासकट एक जागा त्याच्या वाट्याला आली. त्यावर दोन खणांचं घर बांधायचं होतं. दुसऱ्या कुणी ते सरळ बांधलं असतं. उकंडराव आधी महिनाभर लोकांची घरं बघत हिंडला. कारंजाला सरकी विकायला गेला तेव्हा एका व्यापाऱ्याच्या माडीचा जिना दोनदा चढला आणि दोनदा उतरला. वाशीमच्या कचेरीत काम नसताना जाऊन साहेबाची खुर्ची कुठल्या भिंतीला आहे ते पाहून आला. जाईल तिथं विचारी, "चूल मागच्या अंगाले काहून?"

एकानं सांगितलं, धुरामुळं. उकंडरावानं मागच्या खोलीत जाऊन पाहिलं, धूर तिथंच होता. दुसऱ्यानं सांगितलं, बायका मागं असतात म्हणून. बायका मागं काहून, तर चूल मागं असते म्हणून. एवढी माहिती गोळा करून तो परत आला. स्वतःची चूलही मागच्याच अंगाला ठेवायची, पुढं ऐसपैस बैठक, गादी-तक्क्या आणि जमलं तर एक खुर्ची, असं त्यानं ठरवलं.

मातीच्या भिंती घालायला मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा हेमला येणार होता. हेमलाच्या घरी लग्न निघालं आणि तो आला नाही. गृहप्रवेशाचा मुहूर्त मात्र आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा धरलेला. जोश्याकडं जाऊन मुहूर्त पुढं ढकलता येतो का ते विचारलं, तर म्हणाला, यंदा यापुढं नाही. मुहूर्त चुकवता येत नव्हता, भिंतींचं तसं नव्हतं. उकंडरावानं चुलीतली राख टोपल्यात भरली आणि जमिनीवर घर आखलं. बैठक, माजघर, दाराची जागा मोकळी, खिडकी म्हणून रेघेला एक खाच. बायको मनकर्णाबाई हिनं आखाजीला त्या मोकळ्या जागेतून उजवं पाऊल आत टाकलं. माजघराच्या कोपऱ्यात तीन दगडांवर दूध उतू जाऊ दिलं. उन्हाळ्याचे दिवस, लिंबाची सावली, बाहेर तर सगळेच झोपतात. दोघं तिथंच राहू लागली.

दुसऱ्या दिवशी दौलतराव आले. गावातले मोठे जमीनदार, उकंडरावाचे बालमित्र. रस्त्यावरून सरळ चालत माजघरात पोचले.

"भाऊजी," मनकर्णाबाई म्हणाली, "तुमी भितीतून आले."

दौलतरावांनी पायाखाली पाहिलं. राखेची रेघ पुसली होती.

"आता वं?"

"आता काय, दारानं या."

दौलतराव मागं फिरले, वळसा घालून दाराशी आले आणि नसलेल्या चौकटीखालून मान वाकवून आत शिरले. "उकंड्या, दार बुटकं करून राह्यला बे तू," म्हणाले.

पाहता पाहता सगळं गाव घर बघायला लोटलं. सगळे दारानं येत. बैठकीत गादी घातलेली होती, तिच्यावर कुणी टेकत नसे. बैठक ओलांडून लोक चुलीपाशी जात आणि तिथं उकिडवे बसत. उकंडरावानं गादी सरकवून पाहिली, तक्क्या बदलून पाहिला. चार दिवसांनी तोही चुलीपाशीच बसू लागला आणि लोक इथं काहून बसतात ते लोकांनाच विचारू लागला.

मनकर्णाबाई या सगळ्यात फारसं बोलत नसे. भाकरी थापताना तिचं तोंड रस्त्याकडं असे. एकवीस दिवस तिनं तसंच तोंड करून स्वयंपाक केला. भाकरी करपल्याची तक्रार त्या काळात एकदाच आली.

बाविसाव्या दिवशी हेमला फावडं घेऊन हजर झाला. "पाटील, चूल कोठी येईन?"

"मांगं. रस्त्याकडं पक्की भीत. खिडकी बैठकीले."

हेमला मागच्या कोपऱ्याकडं गेला. तीन दगडांपाशी मनकर्णाबाई बसली होती. ती उठेना. चूल पेटलेली नव्हती, परातीत पीठ नव्हतं, नुसती बसली होती.

"बाई, जरासं सरका."

ती सरकली नाही. उकंडरावाची भावजय गोजराबाई ताक घेऊन आली होती, ती म्हणाली, "काय वं मनकर्णे, मुळं फुटले काय तुले?"

उकंडरावानं सबंध जिल्ह्याला विचारलेला प्रश्न घरात पहिल्यांदाच विचारला. "काहून वं?"

"चूल पुढं पाह्यजे. खिडकीपाशी."

गोजराबाईनं ताकाचं मडकं खाली ठेवलं. "बाईच्या जातीनं रस्ता पाह्यत सैपाक करावं काय?"

"करू नोये काहून, वैनी?" उकंडरावानं विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मनकर्णाबाई नवऱ्याकडं न बघता बोलली. "माहा बाप दर बाजाराले याच रस्त्यानं शिरपूरले जाये. लेकीच्या घरचं पानी बापानं पिऊ नोये म्हनून थांबत नोता. जुन्या घरी तुमची बैठक रस्त्यावर, चूल मांगं. एकोणीस वर्स मी भिताडाकडं तोंड करून भाकरी थापल्या. बाप दारावरून गेला थे मले कोनी सांगितलं तं समजे, तवरोक थो नाल्यापल्याड. इतक्या वर्सात दोनदा दिसला. मंग मेला."

"मंग आता कोनाले पाह्यतं?" गोजराबाईनं विचारलं, पण आवाज उतरला होता.

"जो जाईन त्याले."

उकंडरावाचा पुढचा काहून आला नाही. तो पुढच्या खणात गेला, गादी गुंडाळली आणि काखेत धरून उभा राहिला.

"हेमला, चूल इथी."

"अन् बैठक?"

"मांगं."

"मांगं कोन येईन, पाटील?"

"थे नंतर पाहू. खोद."

खिडकी किती उंचावर हवी ते हेमलानं मनकर्णाबाईला चुलीच्या जागी बसवून, तिच्या डोळ्यांसमोर काडी धरून ठरवलं. गावात चार दिवस चेष्टा झाली. दौलतराव म्हणाले, उकंड्यानं घर उलटं घातलं. मग तेही चुलीपाशी येऊन बसू लागले. गोजराबाई दुपारी दळायच्या निमित्तानं येई आणि खिडकीकडची बाजू धरी. वाटसरूनं पाणी मागितलं की मनकर्णाबाई खिडकीतून तांब्या देई आणि नाव, गाव, कोणाकडं चालला, एवढं विचारून तांब्या परत घेई.

मृग लागायच्या आधी घर शाकारून झालं. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी जेवायला वाढताना तिनं दिवसभरात रस्त्यानं कोण कोण गेलं ते सांगितलं. अकरा माणसं होती. त्यातल्या चौघांची नावं उकंडरावानं पूर्वी कधी ऐकली नव्हती.