पुलाच्या तोंडाशी

आमच्या रोलरवाल्या मामांइतका सावकाश माणूस शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत मिळून दुसरा झाला नाही, आणि आता होईल असंही वाटत नाही. ते माझ्या आत्याचे यजमान, म्हणून मामा. आणि रस्ते बांधणाऱ्या सरकारी खात्यात रोलरचे ड्रायव्हर. माणसाच्या चालीपेक्षाही कमी वेगाने जाणारं यंत्र उभा जन्म चालवल्यामुळे त्यांचा जीवच त्या चालीचा झाला होता. त्यांच्या सायकलमागे धावणारी कुत्री अर्ध्या वाटेत कंटाळून बसायची. जेवताना त्यांचा एक घास संपेपर्यंत वाढलेली आमटी निवायची. गोष्ट सांगू लागले की थोडं पुढे जायचे, परत मागे यायचे, तेवढाच तुकडा पुन्हा घोटायचे आणि मग कुठे पुढे सरकायचे. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारातून जीपने येताना ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "दमानं घे बाबा, गाव कुठं पळून जात न्हाई." पुढे पुढे जीपवाले त्यांना लांबून पाहिलं की गाडी भरली म्हणून सांगायचे.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात नेहमी खडे असत. आत्याचं निम्मं आयुष्य ते फाटके खिसे शिवण्यात गेलं. कारण असं, की खडी अंथरून, मुरूम टाकून, पाणी मारून रोलर फिरवला, की शेवटी त्याच्यापुढे हरभऱ्याएवढा खडा टाकायचा. खड्याचं पीठ झालं तर रस्ता पक्का. खडा दबून आत गेला तर कच्चा. ही परीक्षा मामा देवपूजेसारखी करत. ठेकेदार समोर उभा राहून चुळबुळ करो, साहेब घड्याळ बघोत, खडा बुडाला की मामा निमूटपणे रोलर मागे घेत. बरं, ही खोड रस्त्यापुरती असती तरी चाललं असतं. आमच्या राहू गावात नवं घर बांधायला काढलं तेव्हा जोत्यातल्या भरावावर त्यांनी खडा ठेवला आणि वर माती ठोकायची धुम्मस मारली. खडा आत गेला. "मेव्हणं, भिंती उभ्या करू नगा," एवढंच म्हणाले. वडिलांनी चरफडत आणखी चार दिवस पाणी मारून भराव ठोकून घेतला. गवंडी रोज मामांच्या नावाने बोटं मोडायचा. ते घर अजून कुठे तडकलेलं नाही, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

आत्याचं माहेर आमचं राहू आणि सासर भीमेच्या पलीकडे, शिरूरच्या हद्दीत. तिच्या शेताच्या बांधावरून आमच्या बाजूचे ऊस दिसायचे. पण यायचं म्हणजे दरड उतरून होडी, नाहीतर पुण्याच्या अंगाने वळसा घालून अर्धा दिवस. नव्वदीच्या दशकात नदीवर पूल सुरू झाला आणि त्याला जोडणाऱ्या रस्त्यावर योगायोगाने मामांचीच नेमणूक झाली. आत्या खुशीत होती. आणि त्याच वर्षी तिचं हृदय अधू झाल्याचं कळलं. पाय सुजले, दहा पावलं टाकली की दम लागायचा. दरड उतरणं संपलं, आणि वळशाचा प्रवास डॉक्टरांनी साफ मना केला. तिला एकच ध्यास लागला, माहेरी एकदा जाऊन यायचं. मी भेटायला गेलो की विचारायची, "पूल कुठवर आला रं?" मामा समोर बसलेले असायचे, तरी मला विचारायची, कारण मामांना विचारलं की ते पहिल्या खांबापासून सुरू करत.

पूल झाला. राहिला तो पुलाच्या तोंडाशी टाकलेला मातीचा उंच भराव. असा भराव एक पावसाळा तरी बसू द्यावा, हे मामांनीच जन्मभर साहेबांना ऐकवलेलं. आणि डॉक्टर म्हणत होते, दिवाळी निघाली तरी खूप. दसऱ्याच्या आधी साहेब आले. सगळी गँग फावडी टेकून उभी राहिली. "टाका मामा खडा," साहेब म्हणाले. मामांनी टाकला, रोलर पुढे नेला, खाली उतरले, वाकून पाहिलं.

"फुटला, साहेब."

खडा फुटला नव्हता. बुडाला होता, आणि त्यावर मामांनी पाय ठेवला होता. हे त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. त्यांच्या शब्दावर कुणी खाली वाकून बघणार नव्हतं, आणि तेच त्यांना जास्त लागलं होतं.

पुढच्या आठवड्यात मी जीप घेऊन आत्याला आणायला गेलो. मागे मामांच्या खांद्याला टेकून ती बसली होती. पुलाच्या तोंडाशी भराव आधीच खचला होता. जीप दाणकन आदळली. मी घाबरून मागे पाहिलं, तर आत्या हसत होती. "जन्मभर लोकांला गुळगुळीत रस्तं दिलं," ती मामांना म्हणाली, "आन् माझ्याच वाट्याला खड्डा व्हय?" मामांना तोंड वर करवेना. तिला वाटलं, लाजले. माहेरात ती नऊ दिवस होती. सगळ्यांना भेटली, हातापायाला तेल लावून घेतलं, आणि दहाव्या दिवशी सकाळी झोपेतच गेली.

त्यानंतर मामा दर रविवारी सायकलला घमेलं बांधून त्या पुलावर जायचे. मुरूम टाकायचे, धुम्मस मारायचे. चार दिवसांत वाहनं तो उडवून लावत. एकदा एका दूधवाल्याची किटली तिथे कलंडली. त्याने खात्याला मनसोक्त शिव्या दिल्या, आणि मामांनी त्या मान खाली घालून ऐकून घेतल्या. निवृत्तीनंतरही हे चालूच. मी चिडून म्हणालो, "मामा, सोडा आता. किती दिवस भरणार?" ते म्हणाले, "माझ्या हातचं हाय ते."

पुढे काही वर्षांनी रस्ता सुधारायचं मोठं काम निघालं. नवी यंत्रं आली, जुना भराव उकरला, पुलासकट सगळीकडे डांबर झालं. त्यानंतर माझ्या मुलीच्या लग्नाला मामांना न्यायला मी स्वतः गाडी घेऊन गेलो. शेजारी बसले होते. पूल जवळ आला तसा त्यांनी समोर हात टेकून अंग आवरून धरलं. गाडी सरळ गेली. बरीच पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं, "पूल यायचाय ना रं अजून?"

"मागं गेला, मामा."

"थांबीव जरा."

ते उतरले, चपला काढल्या आणि अनवाणी चालत पुलाच्या तोंडापर्यंत गेले. मी मागे. त्यांचा पाय कुठेच अडखळेना. तीनदा ते त्या पट्ट्यावरून गेले. शेवटी उभे राहिले आणि मला म्हणाले, "इथंच कुठंतरी हसली ती. त्येच शेवटचं, जीव भरून. घमेलं घिऊन यायचो ना, तवा जागा गावायची." मामांनी वाकून डांबरावर तळवा फिरवला, कितीतरी वेळ फिरवला. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण बोलले ते जन्मभर साहेबांशी बोलत त्याच आवाजात.

"काम चोख केलंय. कुठं खूण म्हणून ठेवली न्हाई."

मी त्यांच्या चपला उचलून आणल्या. लग्नघरी पोहोचायला आम्हाला उशीर झाला.