सोप्या राइडची सोळा कलमं

गेल्या हिवाळ्यात माझी अँजिओप्लास्टी झाली. हृदयाच्या एका नळीत स्टेन्ट बसला आणि त्याच दिवसापासून आमच्या साउथहॅम्प्टनच्या घरातला माझा हुद्दा बदलला. आधी नवरा होतो, आता पेशंट झालो. बायको इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहे. दिवसाला चार-पाच माणसं तिच्यासमोर निमूटपणे झोपतात, त्यामुळे घरातला एक जागा माणूस ऐकत नाही हे तिला झेपत नाही. रोज सकाळी चहाच्या आधी आणि रात्री जेवणानंतर ती ब्लड प्रेशरचं मशीन घेऊन येते, माझ्या दंडाला पट्टा बांधते आणि आकडे एका निळ्या डायरीत लिहिते. मी तोंड उघडलं की म्हणते, "बोलू नकोस, रीडिंग चुकतं." लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण मला गप्प बसवायची इतकी शास्त्रशुद्ध सोय तिला याआधी मिळाली नव्हती.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला हार्ट पेशंटांच्या व्यायामाच्या वर्गातल्या नर्सबाईंनी मला सायकल चालवायला हरकत नाही असं सांगितलं. मी पुण्याचा. कॉलेजात असताना कात्रजचा घाट सायकलने चढायचो, मित्राला कॅरियरवर बसवून. मित्राचं जरा वाढवून सांगतोय, पण घाट खरा आहे. मला एवढंच हवं होतं की एक दिवस समुद्राच्या कडेने मनसोक्त सायकल चालवावी आणि त्या दिवशी कुणी माझी नाडी बघू नये.

बायको म्हणाली, "विचार करू." आणि विचार करायला तिने आमच्या मित्राला जेवायला बोलावलं. हा मित्र मूळचा नागपूरचा, हार्ट स्पेशालिस्ट. त्याची बायको, आमची मैत्रीण, त्वचारोगतज्ज्ञ. म्हणजे टेबलाभोवती तीन डॉक्टर आणि मी, आयटीतून रिटायर झालेला. वरण-भाताची ताटं उचलून नकाशा पसरला गेला आणि माझ्या सायकलिंगवर या लोकांची मीटिंग सुरू झाली.

रस्ता सोपा असावा यावर एकमत होतं. हिल हेडला गाडी लावायची, तिथून ली-ऑन-द-सोलन्ट, पुढे स्टोक्स बे. पाच मैल, सगळं सपाट, उजव्या हाताला पाणी आणि पाण्यापलीकडे आइल ऑफ वाइट. मला रस्ता आवडला. "सोपी" हा शब्द तेवढा झोंबत होता, कारण तो उच्चारताना तिघंही माझ्याकडे बघत होते.

मग मित्राने लाल पेन काढलं. हृदय बंद पडलं तर शॉक द्यायचं मशीन इथे गावोगावी भिंतीवरच्या पेटीत ठेवलेलं असतं. अशा सगळ्या पेट्यांवर त्याने नकाशात फुल्या मारल्या. मैत्रिणीने सावलीच्या जागा आणि टॉयलेटं दाखवली. बायकोने कलमं लिहायला घेतली. कलम एक, दर वीस मिनिटांनी थांबणं. कलम चार, ब्लड प्रेशरचं मशीन आणि छातीत दुखलं तर जिभेखाली मारायचा स्प्रे सोबत हवा. कलम सात, सायकल चालवताना कुणीही फोन घ्यायचा नाही. कलम अकरा, आइस्क्रीम नाही. अशी सोळा झाली.

"सतरावं लिही," मी म्हणालो. "पंक्चरचं किट आणि पंप."

मित्र हसला. "अरे, हा काय टिळक रोड आहे का? इथल्या रस्त्यावर खिळा शोधून सापडायचा नाही."

"बॅगेत जागा नाहीये," बायको म्हणाली. "धपाटे कशात ठेवू?"

मी स्वभावाने जरा तुसडा आहे, हे मला मान्य आहे. किट मी आधीच बॅगेत ठेवलं होतं. ते सगळ्यांसमोर बाहेर काढलं, गॅरेजमध्ये नेऊन फळीवर ठेवलं आणि मनात म्हटलं, बसा आता.

शनिवारी निघालो. चौघं आमच्याच गाडीत, मागच्या रॅकवर चार सायकली. ऊन बेतशीर होतं, वारा पाठीमागून होता आणि मी नव्या नवरदेवासारखा मधोमध चाललो होतो, कारण पुढे मित्र, मागे बायको आणि शेजारी मैत्रीण अशी व्यूहरचना कलम दोनमध्ये होती. दर वीस मिनिटांनी थांबून पट्टा बांधला जायचा. कुत्रा फिरवणाऱ्या एका आजींनी बायकोला विचारलं, याला बरं नाही का? बायकोने त्यांना साद्यंत सांगितलं. मी समुद्राकडे बघत बसलो.

स्टोक्स बे जेमतेम आलं आणि मागे फुस्स आवाज झाला. बायकोच्या मागच्या चाकात काचेचा इंचभर तुकडा घुसला होता. आम्ही चाकाभोवती उभे राहिलो. आमच्याकडे स्प्रे होता, ऑक्सिजन मोजायची चिमटी होती, चार प्रकारच्या गोळ्या होत्या. मित्राने टायर दोन बोटांनी दाबून बघितलं, आणि सवयीने मान हलवली.

इतकं सुख मला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

कुणीतरी मागे जाऊन गाडी आणायला हवी होती. गाडीच्या इन्शुरन्सवर फक्त आम्हा नवरा-बायकोची नावं होती, त्यामुळे ती चालवायची तर आमच्यापैकीच कुणीतरी. बायकोने फोन काढला आणि म्हणाली, "मी टॅक्सी बोलावते, जाऊन गाडी घेऊन येते. तू इथे बाकावर बस."

तेव्हा मात्र माझं सुख गेलं. मी म्हणालो, "मला जाऊ दे. एकट्याला."

"वेडा आहेस का? वारा आता समोरून आहे."

"पाच मैल आहेत. सपाट आहेत. तूच निवडलेत." आणि मग जे सहा महिने बोललो नव्हतो ते बोललो. "तू माझ्याकडे बघतेस ना, तेव्हा मला रोज वाटतं की आज मी मरणार आहे."

ती मित्राकडे वळली. मित्र किनाऱ्यावरच्या गोट्यांवर आडवा पडून धापा टाकत होता. तो म्हणाला, "जाऊ दे त्याला."

"हे तू डॉक्टर म्हणून सांगतोयस की भूक लागली म्हणून?"

"दोन्ही."

तिने स्प्रे माझ्या खिशात कोंबला, खिशाची चेन लावली आणि म्हणाली, "जा."

ते पाच मैल मी कसे सांगू? वारा खरंच समोरून होता. पहिला मैल मी छातीकडेच कान लावून होतो, मग विसरलो. पाय भरून आले, ते छान वाटलं. खिशात फोन दोनदा वाजला, मी घेतला नाही. कलम सात. ली-ऑन-द-सोलन्टला आइस्क्रीमची व्हॅन उभी होती. मी एक मोठं घेतलं, कठड्यावर बसून सावकाश खाल्लं, जहाजं मोजली. फोन तिसऱ्यांदा वाजला. मी म्हटलं, वाजू दे, राइड अजून संपलेली नाही. तिच्या अक्षरात लिहिलेला नियम मी पाळतोय, याची मला भारी गंमत वाटत होती.

गाडी घेऊन परत पोचायला तासाच्या वर लागला. मित्र आणि मैत्रीण पाण्याकडे तोंड करून उभे होते. धपाट्यांचा डबा तसाच बंद होता. बायको बाकाच्या टोकाला बसली होती आणि मशीनचा पट्टा तिच्या स्वतःच्या दंडाला बांधलेला होता.

"मीच बांधला," मित्र हळूच म्हणाला. "तू तिसरा फोन घेतला नाहीस, तेव्हा."

मी जवळ जाऊन मशीनवरचा आकडा बघितला. माझा तेवढा कधीच आला नव्हता.

"हे तू गाडीतून उतरल्यावरचं आहे," ती म्हणाली. "आधीचं विचारू नकोस."

तिने माझ्या शर्टावरचा आइस्क्रीमचा डाग बघितला, आणि पुसायला रुमाल काढून दिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी शेजारी बसलो, पट्टा सोडला, डबा उघडला. सायकली रॅकवर चढवेपर्यंत आम्ही चौघंही फक्त धपाट्यांबद्दल बोलत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी ती नेहमीसारखी मशीन घेऊन आली. मी ते तिच्या हातातून घेतलं, तिला खुर्चीत बसवलं आणि पट्टा तिच्या दंडाला बांधला.

"अरे, मला काय झालंय?"

"बोलू नकोस," मी म्हणालो. "रीडिंग चुकतं."