चाळीसचं होल

मी स्वभावानं उतावळी. आकडा दिसला की माझं समाधान होतं. नारायणगावच्या वर्कशॉपमध्ये तपासणीला लागले, तेव्हा चाचा म्हणाले होते, "बेटा, मापायची घाई करू नको. होल कुठं पळून जात नाय."

चाचा जुन्नरचे, साठी ओलांडलेले, तपासणीतले सगळ्यात जुने. निम्मं आयुष्य इंजिनं आणि पंप उघडण्यात गेलेलं. प्लग गेज, म्हणजे मापाचा गुळगुळीत दांडा, ते होलावर नुसता टेकवायचे. स्वतःच्या वजनानं उतरला तर माल पास. ढकलायचा नाही, हा त्यांचा नेम. "हात खोटं बोलाय लागला की मी घरी बसणार," असंही म्हणायचे. शेठ अलीकडे त्या दिवसाची वाटच बघत होते.

त्या बुधवारी पातळ बुशांचा, म्हणजे पोकळ धातूच्या नळकांड्यांचा, लॉट होता. होल चाळीस मिलिमीटर. वर पंचवीस मायक्रॉनची सूट, खाली अजिबात नाही; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. चाचांचा गेज तोंडाशीच अडला. पाच बुश झाले, तेच. मी डायल, म्हणजे समोरासमोरचं अंतर दाखवणारं काट्याचं माप, लावून सगळीकडून फिरवला. काटा जागचा हलेना. कुठूनही मोजा, चाळीसच्या वर दहा मायक्रॉन.

"होल बरोबर आहे चाचा," मी सगळ्यांसमोर म्हणाले. "तुमचा हातच थरथरत असेल."

म्हणाले आणि माल पास म्हणून सहीसुद्धा केली. चाचांनी गेज पुसून डबीत ठेवला. सुटीच्या वेळी गेजच्या कपाटाची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि निघून गेले.

गुरुवारी वीज नसते, वर्कशॉप बंद. टेम्पो सकाळीच माल घेऊन चाकणला निघालेला. मला घरात बसवेना. चहा ठेवला, तो उतू गेला. पुसायचं सोडून मोबाइलवर ड्रॉइंग उघडलं. मापाशेजारी गोलात एक बारीक 'ई' होता. मी तो बघितलाच नव्हता.

त्याचा अर्थ असा की समोरासमोरचं अंतर बरोबर असून भागत नाही. चाळीसचा अचूक गोल दांडा अख्ख्या होलातून आरपार गेला पाहिजे. बुश पातळ, त्यात मशीनवर तीन जबड्यांच्या चकात, म्हणजे पकडीत, जास्तच आवळलेले. सोडल्यावर होल किंचित तिकोनी झालं होतं. तसल्या होलात समोरासमोरचं अंतर सगळीकडं सारखंच भरतं, म्हणून डायल फसला. चाचांचा हात फसला नव्हता.

ड्रायव्हरला फोन लावला. तो कळंबला नाश्त्याला थांबला होता, तिथूनच माल परत फिरवला. शेठनी फोनवर माझी चांगलीच हजेरी घेतली. घेऊ दे म्हटलं. जुन्नरची जीप भरेपर्यंत मी तीनदा उतरले आणि तीनदा चढले. मला स्वतःची लाज वाटत होती.

चाचा दारात बसले होते. पुढ्यात शेजाऱ्याचा पंप, खोलून ठेवलेला. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यांनी पंपाकडं बोट दाखवलं.

"काल आल्या आल्या खोलला," ते म्हणाले. "मंग हात लावायचीच भीती वाटाय लागली."

शुक्रवारी ते कामावर आले. शेठसमोर मी माझी चूक कबूल केली, लॉट रिजेक्ट केला. सगळं सुरळीत झालं म्हणायचं. पण आता गेज अडला की चाचा आधी माझ्या तोंडाकडं बघतात.